आमची वाटचाल : संच्यापासून काट्यापर्यंत

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात. वडिलांनी आइस्क्रीमचा धंदा तिथंच सुरू केला. लाकडी बादली, बर्फ, खडेमीठ आणि हाताने फिरवायचा संचा. हात आम्हा भावांचे. आइस्क्रीम काचेच्या पेल्यात भरून द्यायचे. लिटर आणि किलोचा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

पुढे कर्ज काढून बॅच फ्रीझर, म्हणजे एकेक घाणा घोटत गोठवणारं विजेचं यंत्र, घेतला. संच्यात जेमतेम दीडपट होणारं मिश्रण यात दुप्पट व्हायला लागलं आणि आम्ही हरखलो. ती वाढ हवेची असते, हे कळत होतं. पण त्याचा हिशेब ठेवावा असं डोक्यात आलं नव्हतं.

तो अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशी ठेवावा लागला. बाजार समितीतल्या एका आडत्याकडे लेकी-जावई आले होते. फोनवर ‘दहा किलो’ची ऑर्डर आली. आमच्याकडे सगळं लिटरमध्येच, म्हणून पोरानं पाच-पाच लिटरचे दोन डबे पोचवले. शेठच्या ओट्यावर धान्याचा काटा होताच. रिकाम्या डब्यांचं वजन वजा जाता भरले साडेपाच किलो.

“हाई काय शे भाऊ? दहा किलो सांगेल व्हतं ना!”

चार पाहुण्यांसमोर ‘मापात पाप’ ऐकून घेतलं. वाद न घालता एक लिटरचं माप काठोकाठ भरलं आणि उन्हात ठेवलं. खान्देशातलं ऊन, वेळ कितीसा लागणार! फेस बसल्यावर मापात उरलं अर्धा लिटर. शेठ गप्प झाले, पण पैसे मात्र किलोच्याच हिशेबानं दिले. मीही घेतले, चूक निम्मी माझीच होती.

त्या रात्री वही काढली. हवा भरण्याआधी एक लिटर मिश्रण साधारण 1,100 ग्रॅम भरतं. त्याचं दोन लिटर झालं तर लिटरला 550. हवेनं वाढ साठ टक्केच झाली तर 690 च्या आसपास आणि वडिलांच्या संच्यातलं पाऊण किलोच्या आसपास. कुल्फी गोठताना घोटत नाहीत, साच्यात नुसती गोठवतात, म्हणून ती किलोच्या जवळपास जाते. एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे आइस्क्रीम लिटरला 525 ग्रॅमपेक्षा हलकं चालत नाही. आम्ही काठावरच होतो, हे बघून घाम फुटला. तेव्हापासून प्रत्येक घाण्यातलं एक माप काट्यावर जातं. सीताफळ आणि मावा आम्ही मुद्दाम कमी फुलवतो. डबे कमी निघतात, पण चव जिभेवर टिकते.

लोडशेडिंगनं वेगळाच धडा दिला. डीप फ्रीज बंद पडला की आइस्क्रीम मऊ होऊन खाली बसतं आणि वीज आल्यावर तसंच गोठतं. डबा दोन बोटं रिकामा दिसतो, वजन मात्र तेवढंच. गिऱ्हाईक म्हणतं कमी भरलं. वजन दाखवून वाद जिंकता येतो, पण ते खडे पडलेलं आइस्क्रीम विकू नये. आम्ही परत घेतो.

हल्ली गृहिणी विचारतात, ‘पाककृतीत दोन कप आइस्क्रीम लिहिलंय, किती ग्रॅम?’ 240 मिलीचा कप धरला तर आमच्या व्हॅनिलाचं एका कपाला 130 ग्रॅम आणि सीताफळाचं 165. मात्र चमच्यानं गोळे टाकले तर मध्ये पोकळी राहते, दाबून भरलं तर हवा निघून जाते. म्हणून मी सांगतो, घरात काटा असेल तर तोच वापरा, वाटीवर जाऊ नका.

बिलावर आता लिटर आणि ग्रॅम दोन्ही लिहितो. शेठ अजून आमचेच गिऱ्हाईक आहेत. गेल्या अखाजीला त्यांनी स्वतःच हिशेब करून अठरा लिटर व्हॅनिला सांगितलं. डबे आले तसे काट्यावर चढवले. नऊ किलो नऊशे. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. गाडीतून दोन कप काढून दिले.