शेवटी काळ्या तबकडीचंच घड्याळ घेतलं
खडेबाजारातल्या दुकानात तीन डायव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली बुडी मारताना घालायची घड्याळं, समोर मांडली होती: नारिंगी, निळ्या आणि काळ्या तबकडीची. बायको म्हणाली, "नारिंगी घ्या, उठून दिसतंय बघा." देखणं होतंच. डॉक्सा या स्विस घड्याळ कंपनीनं 1967 साली नारिंगी तबकडी आणली ती पाण्यात नीट दिसावी म्हणूनच. पण पाणी लाल छटा आधी गिळतं, खोलवर नारिंगीही मळकट होतो.

मला चाळिशी लागलीय. जिन्याखालच्या अंधारात तिन्ही घड्याळं वीतभर अंतरावर धरली. डायव्ह वॉचसाठीच्या आयएसओ 6425 या आंतरराष्ट्रीय मानकातही अंधारात 25 सेंटिमीटरवरून वेळ वाचता येण्याची अट आहे. निळ्यावर चंदेरी काटे हरवले. काळ्या, बिनचकाकीच्या तबकडीवर मात्र जाड मिनिटकाटा लख्ख हिरवा उजळला. अकरा वीस! एका नजरेत.

मे महिन्यात आंबोली उतरून तारकर्लीला बुडी मारायला जायचंय.