लग्न लागतं तेव्हा सगळे जेवत असतात

लग्नाचे फोटो काढायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे लहानपणापासून मी ढिगाने लग्नं जेवलेय पण धड पाहिलेलं लग्न एकही नाही. आपण पोचतो मंगलाष्टका सुरू व्हायच्या जरा आधी, हातात अक्षता घेतो, त्यातल्या निम्म्या पुढच्या रांगेतल्या काकांच्या डोक्यावर टाकतो, "लागलं एकदाचं" म्हणतो आणि थेट जेवणाच्या हॉलकडे, कारण पहिली पंगत चुकली तर मठ्ठा संपतो. आणि खरे विधी तर पुढेच असतात ना! कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, हे सगळं चालू असतं तेव्हा समोर खुर्च्याच खुर्च्या रिकाम्या, दोन-तीन आज्या, दोन खुर्च्या जोडून झोपवलेलं एखादं बाळ, गुरुजी, आणि आम्ही.

आम्ही म्हणजे फोटोवाले. मी त्यात अर्धीच म्हणा, नोकरी नाशिकला अकाउंट्समध्ये, आणि कॅमेरा घेतला होता तो पक्ष्यांसाठी. रविवारी पहाटे उठून नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायचं, चापडगावच्या मनोऱ्यावर थंडीत कुडकुडत बसायचं आणि जांभळी पाणकोंबडी गवतातून बाहेर यायची वाट बघायची. (2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून गर्दीही वाढलीय, असो.) मग एका ओळखीच्या स्टुडिओवाल्या काकांनी विचारलं, सीझनला माणूस कमी पडतो, येतेस का, सेकंड शूटर म्हणून, म्हणजे माझ्या जोडीला दुसरा कॅमेरा? पैसे फार नाही पण लेन्सचा हप्ता निघेल. मी म्हटलं येते, तासन्‌तास पक्षी टिपत बसणाऱ्या बाईला एका जागी उभ्या असलेल्या नवरा-नवरीचं काय अवघड?

तर अवघड हे, की पक्षी उद्या परत येतो. अंतरपाट परत नाही धरत कोणी.

तांत्रिक गोष्टी तशा लवकर जमतात. पक्ष्यांची लांबलचक लेन्स घरी ठेवायची, कारण हॉलमध्ये तिच्यातून नवरीचं फक्त नाक येतं, मग काकांची 24-70 ची आखूड झूम लेन्स घ्यायची नाहीतर भाड्याने आणायची. आपली लाडकी 50 ची लेन्ससुद्धा माझ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 75 सारखी, म्हणजे जरा जास्तच जवळची वागते, आणि लग्नाच्या स्टेजवर मागे सरकायला जागा म्हणजे मागच्या मावशीचा पाय. मग ते जांभळे-निळे एलईडी, ज्यांच्या प्रकाशात सगळं वऱ्हाड आजारी दिसतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि पक्ष्यांच्या सवयीने 1/500 वर शटर ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हॉलमध्ये शटर 1/100 च्या वर न्यायचं नाही. फ्लॅश सरळ तोंडावर मारायचा नाही, छताला मारायचा, पण छत पांढरं असेल तर. लाल कापड लावलेल्या मांडवात छताला फ्लॅश मारला की नवरदेव टोमॅटो. आणि नाशकात हल्ली निम्मी लग्नं लॉन्सवर, तिथे छतच नाही, आकाशाला किती फ्लॅश मारणार.

हे सगळं व्हिडिओ बघून शिकता येतं. जे शिकता येत नाही ते म्हणजे कोण कुणाचं कोण. मुलीचा मामा कुठला, मुलाचा कुठला, रुसलेली आत्या कोण, वडिलांच्या शेजारी उभे आहेत ते सख्खे काका की फक्त शेजारी, आणि करवली म्हणून मिरवणाऱ्या पाच जणींतली खरी करवली कोण. काका हॉलमध्ये शिरले की कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी मुलीच्या आईपाशी जाऊन पाच मिनिटं गप्पा मारतात. मला वाटायचं गिऱ्हाईक सांभाळतायत. नाही हो, ते नकाशा काढत असतात. त्या पाच मिनिटांत त्यांना कळलेलं असतं की आजी व्हीलचेअरवर आहेत, त्यांना स्टेजवर चढता येणार नाही, तर जोडप्यालाच खाली आणायचंय, आणि ते कधी आणायचं.

मंगलाष्टका हा तर वेगळाच प्रकार. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटं, पण एका मावशीने स्वतः रचलेलं मंगलाष्टक आणलेलं असतं ज्यात दोन्ही घरच्या सगळ्यांची नावं गुंफलेली असतात आणि ते संपत नाही, आणि स्टेजवर आमची गर्दी एवढी, मुलीकडचा फोटोवाला, मुलाकडचा फोटोवाला, न हलणाऱ्या दांड्यावर व्हिडिओ कॅमेरा फिरवणारा गिंबलवाला, वर घोंगावणारा ड्रोन, शिवाय मोबाईल उंच धरलेले सगळे चुलतभाऊ, की खाली बसलेल्या पाहुण्यांना दिसतात फक्त आमच्या पाठी. म्हणून मग बाजूला एलईडी वॉल लावतात. म्हणजे आमच्यामुळे जे दिसत नाही ते आम्हीच शूट करून पडद्यावर दाखवतो आणि त्याचं बिल वेगळं. मला याची गंमतही वाटते आणि थोडी लाजही. तेवढ्यात शेवटचं "सावधान" होतं, वाजंत्री सुरू, अंतरपाट खाली, आणि कॅमेरा नवरीच्या चेहऱ्याऐवजी मधे उडणाऱ्या तांदळावर फोकस करू बघतो. काकांचा उपाय सोपा, फोकस आधीच लॉक करून ठेवायचा आणि नवरीकडे नाही, मामाच्या हाताकडे बघायचं. पाट धरलेले हात सैल झाले की दाबायचं बटण.

आणि मग एकदम शांतता. म्हणजे शांतता कसली, डायनिंग हॉलमधून ताटांचा आवाज येतच असतो, पण स्टेजवरची सगळी जत्रा पांगते. ड्रोनवाला बॅटरी काढून जेवायला जातो. उरते मी, कारण सेकंड शूटर म्हणजे शेवटी जेवणारा माणूस. सुरुवातीला मला याचा राग यायचा, आता मी मुद्दाम मागून घेते ही वेळ.

कारण पाहा ना, स्टेजवर उभे असताना जे दोघं दर मिनिटाला आमच्याकडे बघून हसत होते ते आता पाटावर बसलेले असतात आणि आमच्याकडे कोणी बघत नाही. मी पण चप्पल काढून मोज्यांवर, उकिडवी बसून, त्यांच्या उंचीला. लाजाहोमाला मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, हा बहुतेक वेळा तोच भाऊ जो सकाळपासून पार्किंग आणि बर्फाच्या लाद्या बघत फिरत होता आणि ज्याचा दिवसभरात एकही फोटो नसतो. धुरामुळे तिघांचे डोळे लाल, माझेही, त्यामुळे कोण रडतंय आणि कोणाला धूर लागलाय ते फोटोत कळत नाही, आणि मला वाटतं त्यांनाही तेच सोयीचं असतं. मग कानपिळी, भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि त्या बदल्यात त्याला काहीतरी द्यावं लागतं, इथे मात्र दोघंही मनापासून हसतात. सूनमुखाला सासू आरशात सुनेचा चेहरा बघते, तो फोटो दिसायला सोपा पण आरशात सुनेबरोबर मीच येते, डोळ्याला कॅमेरा लावलेली. बाजूला सरकत सरकत असा कोन शोधायचा की सून दिसेल आणि मी दिसणार नाही, आणि तोवर सासूबाई बघून मोकळ्या झालेल्या असतात.

सप्तपदी मला सगळ्यात आवडते. तांदळाच्या सात राशी, त्यावर एकेक पाऊल. फोटो घ्यायचा तो पावलांचाच, मेंदी, जोडवी, शालूचा काठ, आणि मागे मुद्दाम धूसर सोडलेल्या रिकाम्या खुर्च्या. गुरुजींनी एकदा सांगितलं की पहिलं पाऊल अन्नासाठी असतं आणि सातवं सख्यासाठी. पहिल्या पावलाच्या वेळी अख्खं वऱ्हाड शेजारी अन्नावरच बसलेलं असतं, त्यामुळे ते तरी फळतं म्हणायचं.

आमचे मामा वकील. त्यांना मी हे सांगत होते तर म्हणाले, अगं तू काढतेस तो फोटो म्हणजे पुरावा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम 7 म्हणतं की जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. अक्षतांचं त्यात काही नाही! आणि 1965 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बायको असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप असलेला माणूस सुप्रीम कोर्टात सुटला, कारण त्या दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाली होती हे काही सिद्ध झालं नाही. म्हणजे आपण सगळे ज्याला लग्न म्हणून टाळ्या वाजवतो ते झाल्यावर कायद्याच्या हिशेबाने दोघं अजून अधांतरीच, आणि ज्या क्षणी ते पूर्ण होतं त्या क्षणी साक्षीदार गुलाबजाम वाढून घेत असतात. मामांना यात काहीच विनोदी वाटलं नाही.

सगळीकडे असं असतं असंही नाही. काकांबरोबर एका बौद्ध पद्धतीच्या लग्नाला गेले होते, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, सगळा हॉल एकत्र त्रिशरण पंचशील म्हणत होता, जेवायला कोणी उठलं नव्हतं. तिथे माझी पक्ष्यांची शिकवणी कामाला आली, कारण वधू-वर दोघंही पांढऱ्यात, आणि पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरून फोटो काळपट करतो, ते बगळ्यांमुळे मला पाठ होतं. एक्स्पोजर एक स्टॉप वर घेतलं, म्हणजे उजेड दुप्पट, झालं. काका म्हणाले, कुठे शिकलीस? म्हटलं नांदूरला.

बाई असल्याचा एक फायदा म्हणजे नवरीच्या खोलीत थेट प्रवेश. काका दारापर्यंत. आत नऊवारीचा काष्टा घालणं चालू असतं, मुंडावळ्या एका बाजूला सरकत असतात, पिना दातात धरलेल्या काकू माझ्याशी त्या पिनांमधूनच बोलतात, आणि दर लग्नात एक आजी विचारतेच, जेवलीस का गं, आणि लगेच, लग्न झालं का तुझं? पहिल्याचं उत्तर नाही असतं, दुसऱ्याचं हो. त्यावर आज्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, मग नवरा कसा काय सोडतो असं? त्याला मी सांगते की रविवारी पहाटे चिखलात जाण्यापेक्षा त्याला हे बरं वाटतं, इथून निदान बॉक्समध्ये जिलेबी येते.

रोलच्या जमान्यात एका रोलमध्ये 36 फोटो. काका सांगतात, हौशी नातेवाईक फारच मागे लागले तर फोटोवाले नुसता फ्लॅश उडवायचे, रोल वाचवायला. आता उलटं झालंय, फोटो हजारांनी, आणि लोक ते निवडतच नाहीत. पेन ड्राइव्ह देऊन महिने जातात, मग अल्बमच्या शीट भरताना काकाच फोन करून करून थकतात. शीट भरतात त्या एंट्रीने आणि स्टेजवरच्या रांगांनी. सप्तपदीला अर्ध्या शीटवर एक चौकोन मिळाला तरी मी खूश.

अडचण एवढीच की तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू आणि नेमके त्याच सुमाराला नांदूरला पाहुणे पक्षी उतरतात. गेल्या हिवाळ्यात चक्रवाक बघितले ते फक्त इतरांच्या फोटोत.

परवा एक लग्न आहे लॉन्सवर. होम बाहेर उघड्यावर की आत, हे विचारायला गुरुजींना फोन केला, कारण वारा कुठून येणार त्यावर मी कुठे बसणार ते ठरतं. ते सगळं नीट सांगितलं त्यांनी, कुंड कुठे, राशी कुठल्या दिशेला, कन्यादानाला पाणी सोडताना कुठून बरं दिसेल. मग जरा थांबून म्हणाले, ताई, एक काम होतं. एवढी वर्षं लग्नं लावतोय, हजारो फोटोंत आहे मी, पण सगळीकडे नुसता हात येतो नाहीतर पाठ. व्हॉट्सअ‍ॅपला लावायला माझा एक धड फोटो काढाल का? म्हटलं काढते की, होम पेटायच्या आधी दोन मिनिटं द्या फक्त. म्हणाले देतो, पण मुहूर्तात बसवावं लागेल, आणि मला फोटोत हसता येत नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.