दोल पुरी, सहावा प्रयत्न (आणि मॉरिशसच्या यादीतलं बाकी काय झालं)

जमली! शेवटी जमली. आठ पुऱ्या सलग लाटल्या, एकही फुटली नाही, आणि दुपारी चार वाजेपर्यंत फडक्यात मऊच राहिल्या.

आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात, मी आठ महिन्यांपासून मॉरिशसमधल्या रोझ हिल गावात राहते आणि इथले दहा पारंपरिक पदार्थ घरी शिकायचे असं ठरवलंय. पुढच्या महिन्यात ताई आणि भावोजी येतायत, त्यांना काय घरी खायला घालायचं आणि काय बाहेरच खायला न्यायचं तेही यातूनच ठरतंय.

तर पुरी. नाव पुरी असलं तरी ती तळत नाहीत, तव्यावर भाजतात. मला वाटलं होतं पुरणपोळीचा हात आहे, हे काय अवघड. पण पुरण गुळामुळे चिकट असतं, लाटताना ते कणकेबरोबर सरकत जातं. दोल पुरीचं सारण म्हणजे उकडलेल्या पिवळ्या डाळीचा कोरडा भुगा, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, हळद, मीठ, बस. भुग्यात एक जरी जाड कणी राहिली की ती बरोब्बर पारी फाडून बाहेर येते. पहिले तीन प्रयत्न यातच गेले. चौथ्या वेळेपासून डाळ बोटांनी चिमटली की तुटेल पण गाळ होणार नाही इतपतच शिजवते, चाळणीवर निथळून तासभर सुती कापडावर पसरते, मिक्सर थांबवत थांबवत फिरवते आणि मग चाळून घेते. फुटणं थांबलं, पण पुऱ्या गार झाल्या की कडक व्हायच्या.

आता खरी गोष्ट. शेजारच्या आजी गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी डाळीचं पाणी सिंकमध्ये ओतत होते, त्यांनी माझा हातच धरला. ते पाणी कणकेत जातं! आपण पुरणाच्या कटाची आमटी करतो आणि इथे त्या कटातच मैदा भिजवतात, मला हे सुचलंच नव्हतं. या रविवारी 500 ग्रॅम मैदा, 400 ग्रॅम डाळ, तीन चमचे तेल, मीठ, आणि भिजवायला फक्त डाळीचं कोमट पाणी. कणीक पुरणपोळीइतकी नाही पण पोळीपेक्षा सैल, वर अर्धा तास झाकून. रंगही हलका पिवळा येतो. तवा मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंना तेलाचा हात, आणि डाग पडायच्या आत उतरवायची, इथल्या लोकांना डाग पडलेली दोल पुरी चालत नाही. उतरवली की लगेच एकावर एक रचून फडक्यात गुंडाळायची.

खायची पद्धतही महत्त्वाची आहे. इथे ती जोडीनंच मिळते, एकीवर दुसरी ठेवून त्यात ग्रो प्वा म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, कोथिंबिरीची सातिनी म्हणजे चटणी आणि मिरची, मग कागदात गुंडाळून हातात. ताटात नीट वाढून घेतली तर निम्मी मजा जाते, गाडीपाशी उभं राहूनच खावी. 1834 पासून गिरमिटिया म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर इथे आले, त्यातल्या बिहारकडच्या भोजपुरी लोकांची ही पुरी, आपल्या कोकणातलेही बरेच जण तेव्हा आले होते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर जिथे उतरायचे ती जागा, बघायचा आणि तिथून चालत सेंट्रल मार्केटला जाऊन दोल पुरी खायची, ताईच्या पहिल्या दिवसाचा बेत हाच.

त्याच मार्केटात आलूदा प्यायचा. थंड दूध, सब्जा आणि आगर-आगरचे तुकडे. सब्जाला इथे तुकमारिया म्हणतात. हा घरी दोनदा केला, बरा होतो, पण बाजारातल्या गर्दीत जो लागतो तो लागत नाही म्हणून यादीतून काढला.

गातो पिमां पहिल्याच वेळी झाले, डाळवडेच ते, फक्त लहान आणि पातीचा कांदा जास्त. सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात, नक्की खा.

माशाचा विंदाय दुसऱ्यांदा केला आणि मला तो दोल पुरीच्या खालोखाल आवडतो. तळलेला ट्यूना, वाटलेली मोहरी, हळद, लसूण, आख्ख्या हिरव्या मिरच्या, कांदा आणि व्हिनेगर. पहिल्या वेळी मोहरी फार बारीक वाटली आणि सगळं कडू झालं, यावेळी भरड ठेवली. केल्या दिवशी चव तुटक लागते, मोहरी वेगळी, आंबट वेगळं, दुसऱ्या दिवशी मात्र सगळं माशात मुरलेलं असतं. त्यामुळे ताई यायच्या आदल्या दिवशीच करून ठेवणार.

बोल रांवेर्से मी करणार नाही, चिनी हॉटेलातच खायचा. वाडग्यात तळाशी तळलेलं अंडं, वर परतलेलं चिकन आणि भाज्या, वर भात, आणि टेबलावर उलटा केला की अंडं सगळ्यात वर. आणि सात भाज्यांचं केळीच्या पानावरचं जेवण, सेत कारी, फणस, भोपळा, वाल वगैरे, ते लग्नाघरचंच खरं. इथे फिरायला आलात आणि कुणी लग्नाला बोलावलं तर बाकीचा प्लॅन बदला पण जा.

राहिला ऑक्टोपस, म्हणजे इथला उरित. दोनदा रबरासारखा झालाय. येत्या सोमवारी माएबूरच्या बाजारात ताजा मिळतो का बघते, यावेळी मसाला घालायच्या आधी नुसताच मंद आचेवर तासभर शिजवणार.