एमजीए 1500 चे ड्रम ब्रेक: पेडल नरम लागलं तर आधी लायनर बघा

एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार एमजीए 1500 (1955 ते 1959), तिला चारही चाकांना लॉकहीड कंपनीचे 10 इंची ड्रम ब्रेक आहेत: चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून अर्धगोल शू दाबतात, आणि शूवर लायनर (घर्षणाचा थर) बसवलेला असतो. ट्विन कॅम हे वेगळं मॉडेल सोडलं तर पुढे डिस्क आल्या त्या 1959 च्या 1600 पासून. या ड्रमचं सगळं काम नवं केलं आणि तरी पेडल स्पंजसारखं लागलं की लोक ब्रेकच्या तेलातली हवा काढत बसतात, तेलाच्या बाटल्या रिकाम्या करतात. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा हवा नसतेच. नवा लायनर ड्रमला पुरता टेकत नसतो. त्यामुळे मी सगळं काम याच हिशोबाने करतो.

ड्रम काढल्यावर आतल्या धुळीवर हवेचा फवारा मारायचा नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. शू आणि स्प्रिंग कुठे कसे बसलेत याचे फोटो आधी काढून ठेवा. डावं-उजवं एकाच वेळी उघडू नये, दुसरी बाजू नमुना म्हणून उपयोगी पडते.

ड्रम डायल गेजवर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) फिरवून बघायचा. 5 थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त अंडाकृती असेल तर लेथवर घासून घ्यायचा. मी व्यासात 30 थाऊपर्यंत बिनधास्त घासू देतो, 60 च्या पुढे गेलेला ड्रम सरळ बाद. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे हवेत, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

लायनर रिव्हेटने बसवणारे कारागीर आपल्याकडे अजून मिळतात, हे भाग्यच. त्यांना एवढंच सांगायचं की रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडे मारत जा. टोकांपासून सुरुवात केली तर मध्ये पोकळी राहते. तपासायला 10 थाऊचा फीलर (मापाची पातळ पट्टी) घ्या; तो लायनर आणि शूच्या मध्ये कुठेही शिरता कामा नये. मागच्या ॲक्सलच्या सीलमधून आलेल्या तेलात भिजलेला लायनर जाळून, धुऊन वापरणारे आहेत. मी तो फेकतो, आणि आधी सील बदलतो.

आता मुख्य गोष्ट. ड्रम घासला की त्याची गोलाई वाढते, लायनर मात्र मूळ गोलाईचाच असतो. मग शू फक्त मधे टेकतो, टोकं हवेत राहतात. पाय दाबला की शू किंचित वाकतो, आणि तेच पायाला नरम लागतं. ड्रमला आतून खडू फासा, शू हाताने दाबून थोडा सरकवा, कुठे पांढरं लागलं ते दिसेल. शू गोलाईत घासून देणारी मशीन आता फार ठिकाणी नाहीत. तेव्हा ड्रमच्या आत 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि त्यावर शू हाताने घासायचा, तोंडाला चांगला मास्क लावून. पेपरच्या जाडीमुळे टोकांना 5 थाऊच्या आसपास फट आपोआप उरते, आणि तेवढी हवीच. टोकं आधी टेकली तर ब्रेक पकडतो आणि किंचाळतो.

तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या बोअरवरून (आतल्या भोकावरून) नख फिरवा. खड्डा नखाला लागला तर होनिंग (बोअर आतून घासणं) करून उपयोग नाही, पितळी किंवा स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) बसवून घ्या. एमजीएचं 1489 सीसी इंजिन ॲम्बॅसडरच्या जुन्या बीएमसी इंजिनाच्या घराण्यातलं. पण म्हणून ॲम्बॅसडरचं रबर किट लागेल असं धरून चालू नका. बोअर मोजा, मगच किट मागा. रबरला फक्त ब्रेकचं रबर ग्रीस किंवा ब्रेक ऑईल. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

नळ्यांचे नट इंची आहेत, 3/8 यूएनएफ (बारीक इंची आटे). एम10 च्या (10 मिमी मेट्रिक) भोकात हा नट सहज जातो आणि घट्ट करताना आटे खातो. पेडलने तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक आणि क्लच शेजारी शेजारी आहेत. ब्रेकच्या बाजूच्या टोकाला चेक व्हॉल्व्ह (तेलाचा थोडा दाब धरून ठेवणारी झडप) असतो, तो परत बसलाच पाहिजे. क्लचच्या बाजूला तो नसतो. पुशरॉडला (पेडल आणि पिस्टनमधल्या दांडीला) 1/32 इंच मोकळीक ठेवा. ती नसेल तर तेल परतीची वाट बंद राहते, आणि गाडी तापली की ब्रेक आपोआप लागत जातात.

बॅकप्लेटवर (शूमागच्या पत्र्यावर) शू घासून चर पडले असतील तर ते वेल्डने भरून सपाट करा, मग उष्णता सोसणारं ग्रीस नखभर लावा. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन शू, दोन सिलिंडर आणि दोन मायक्रॅम ॲडजस्टर (शू आणि ड्रममधली फट कमी-जास्त करणारे). दोन्ही स्वतंत्रपणे आवळायचे, ड्रम अडला की एक टिक मागे. मग पेडल जोरात दाबून शू मध्यावर आणायचे आणि पुन्हा आवळायचे. मागे एकच ॲडजस्टर. हँडब्रेकची केबल त्याआधी ढिली, ताणायची शेवटी.

डॉट 4 ब्रेक तेल भरून हवा काढली आणि पेडल तरीही नरम लागलं, तर सगळे ॲडजस्टर ड्रम अडेपर्यंत आवळा आणि पेडल दाबा. वरच कडक झालं तर तेलात हवा नाही, दोष शूच्या गोलाईचा किंवा फटीचा आहे. तरीही नरमच असेल तर हवा आहे किंवा जुना होज (रबरी नळी) फुगतोय. मग ब्लीड निपल (हवा काढायची तोटी) सिलिंडरच्या वरच्या बाजूला आहे ना ते बघा.

पहिले काही किलोमीटर हलके ब्रेक मारत, मध्ये थंड होऊ देत चालवा. दोनशेएक किलोमीटरनंतर पुन्हा ॲडजस्टमेंट लागतेच. एक लक्षात ठेवा: पुढचे दोन्ही शू लीडिंग (पुढे जाताना फिरता ड्रम त्यांना स्वतःकडे ओढतो असे) असल्याने रिव्हर्समध्ये पुढचा ब्रेक बराच कमी लागतो. चढावर गाडी मागे सरकायला लागली तर हँडब्रेकवर हात तयार हवा.