रोबो व्हॅक्यूमच्या स्विचची दुरुस्ती

पूर्ण चार्ज होऊनही आमचा रोबो व्हॅक्यूम खोलीच्या मध्यावरच बंद पडू लागला, तेव्हा घरात सर्वांनी बॅटरीलाच दोषी ठरवले. नवी बॅटरी काही हजारांची. म्हणून ती मागवण्यापूर्वी मल्टिमीटर (व्होल्ट, रोध वगैरे मोजणारे उपकरण) काढला आणि दोष निघाला तो कडेच्या छोट्या रॉकर स्विचमध्ये.

या यंत्रात चार लिथियम-आयन सेल एकसरीत जोडलेले आहेत. त्यांचा एकूण दाब १४.४ व्होल्ट धरला जातो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो १६.८ पर्यंत जातो. बॅटरीची लाल तार या स्विचमधूनच मुख्य बोर्डाकडे जात असल्याने चाके, ब्रश आणि हवा ओढणारी मोटर या सर्वांचा प्रवाह त्याच्या दोन इवल्याशा संपर्कांवरून वाहतो.

येथे कंटिन्युटीचा, म्हणजे जोडणी अखंड असल्याचे सांगणारा मीटरचा आवाज फसवा ठरतो. त्या चाचणीत मीटर जेमतेम मिलिअँपिअरभर प्रवाह सोडतो, त्यामुळे संपर्कात १ ओहमचा रोध निर्माण झाला असला तरी तो खुशाल वाजतो; मात्र यंत्राने २ अँपिअर ओढले की त्याच १ ओहमवर २ व्होल्ट खर्ची पडतात, ४ वॅट उष्णता स्विचमध्ये साठते आणि बोर्डाला वाटते की बॅटरी संपत आली. म्हणून यंत्र चालू असताना स्विचच्या दोन टोकांमधील डीसी (बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे) व्होल्ट मोजणे हीच खरी परीक्षा होय. उलटे धरलेले यंत्र चाके लोंबकळताच थांबते, त्यामुळे मीटरच्या तारा बाहेर काढून ते जमिनीवरच चालवावे लागले. जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे, तिथे दीड व्होल्टाहून अधिक दिसले.

जुना स्विच उघडला, तर संपर्क काळे पडले होते आणि भोवती कापसाची लव दाटली होती. टेरी टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या सोलापुरात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्याला या लवेचे नवल नाही (नवा टॉवेल दोनदा धुतल्याशिवाय आमच्याकडे वापरतही नाहीत), पण काजळी लवेमुळे धरली नव्हती. स्विच लावताच बोर्डावरील रिकामे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) क्षणभर मोठा प्रवाह ओढतात आणि दर वेळी बारीक ठिणगी पडते.

नवी पेठेतील दुकानदाराने ‘६ अँपिअर, २५० व्होल्ट’ छापलेला स्विच पुढे केला. तो आकडा एसीचा, म्हणजे घरातील विजेच्या उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा असतो. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती सोय नाही. म्हणून डीसी क्षमता स्पष्ट दिलेला, त्याच खाचेत बसणारा स्विच मी शोधून घेतला. बॅटरी सोडवून बाहेर ठेवल्यानंतरच डाग दिले आणि जोडांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी चढवली.

“स्विच काढा आणि तारा थेट जोडून टाका,” असा सल्लाही दुकानात मिळाला. तो मला पटला नाही, कारण यंत्र महिनाभर पडून राहिले तर बोर्ड थोडा थोडा प्रवाह ओढत राहतो आणि लिथियम बॅटरी धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. आता मोटर पूर्ण जोरात असतानाही नव्या स्विचवर मीटर शून्याच्या आसपासच राहतो, आणि जुन्याच बॅटरीवर दोन्ही खोल्या एका चार्जमध्ये झाडून होतात.