लाल धूळ, काळी धूळ : आमची वाटचाल

बाबा बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर होते, म्हणजे लेथवर धातू कातायचे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंगं त्यांच्या लेथवर यायची, अंगाला साच्याची वाळू चिकटलेली. ती झटकल्याशिवाय बाबा जॉब चकमध्ये धरत नसत. संध्याकाळी घरी निघताना लेथच्या बेडवर जुन्या धोतराचा तुकडा अंथरायचे. "बेडवर वाळू पडली की मशीन गेलं म्हणून समज," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की पुढे ऐकूच येईनासं झालं. नंतर त्यांनी स्वतःचा एक सेकंडहँड लेथ घेऊन भाड्याच्या शेडमध्ये टाकला. गाड्यांना एअर फिल्टर बसवण्याचा आमचा धंदा त्याच शेडमध्ये सुरू झाला.

सुरुवात आवाजापायी झाली. एका मित्रानं स्विफ्टसाठी कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवाय उघडा बसणारा शंकूसारखा एअर फिल्टर मागवला होता आणि त्याचं तोंड गाडीच्या होजला, हवेच्या रबरी नळीला, बसेना. मी ॲल्युमिनियमची एक रिंग कातून दिली, क्लॅम्प आवळला, बॉनेट लावलं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन जे घशातून ओरडलं, ते ऐकून शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. पुढच्या रविवारी दारात चार गाड्या उभ्या.

पहिली दोन-अडीच वर्षं आम्ही आवाजच विकला, हे आता कबूल करायला हरकत नाही. पॉवर वाढते असंही सांगायचो, कारण खोक्यावर तसं छापलेलं असायचं. मोजली कुणी होती?

डोळे उघडले ते एका टिळकवाडीच्या गिऱ्हाइकामुळे. फिल्टर बसवून गेला आणि दुसऱ्या दिवशी गोव्याहून फोन. "दादा, गाडी नुसती उडतेय!" आम्ही खूश. चार दिवसांनी तोच माणूस शेडमध्ये तोंड पाडून उभा. चोर्ला घाट चढून वर आला आणि पिकअप गेला म्हणे, काहीतरी सैल झालंय बघा. सगळं खोलून बघितलं, काहीच सैल नव्हतं. रात्री विचार करताना लक्षात आलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. इथली हवा गोव्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ, तेवढा इंजिनाचा घास लहान. खाली उतरलं की कुठलीही गाडी जोर धरते, ज्यांनी फिल्टरला हात लावलेला नाही त्यांचीही. घाटाचं श्रेय आमच्या खात्यावर जमा झालं होतं.

मग जरा शिकायला लागलो. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे जवळपास ९ हजार लिटर. ही हवा गार हवी. हवा १० अंशांनी तापली की ती साधारण तीन टक्के पातळ होते. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा बंद असतो आणि त्याची सोंड बहुधा पुढच्या जाळीच्या बाजूला, बाहेरची हवा ओढेल अशी असते. आम्ही काय करत होतो? डबा काढून टाकायचा आणि उघडा कोन तापलेल्या इंजिनाशेजारी लावायचा. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली हात घालून बघा, मग कळेल ती गाडी काय श्वास घेत होती. डब्याला जोडलेली जी पोकळ कुपी असते, जिला पोरं 'अडथळा' म्हणून कापायला सांगतात, ती आवाज मारण्यासाठी असते. कापली की आवाज वाढतो. कानाला वाटतं गाडी पळतेय.

मायलेजबद्दलही रोज विचारतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली हे तपासलं होतं. फिल्टर मुद्दाम तुंबवूनही इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही, पिकअपमध्ये मात्र पडला. गाडीतला कॉम्प्युटर जेवढी हवा येते तेवढंच पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत तुंबलेला फिल्टर पेट्रोल प्यायचा, ती समजूत अजून लोकांच्या डोक्यात आहे. मी हे खरं सांगायला लागल्यापासून काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

आता जे सांगतोय ते आमच्या वाटचालीच्या पानावर घालू नये असं बायकोचं मत होतं. खानापूरच्या पुढं जांबोटी भागातल्या एका काकांची डिझेल गाडी होती. कच्चा रस्ता, रोजची लाल माती. त्यांच्या मुलानं हट्ट केला म्हणून मी तिला कोन फिल्टर आणि आमच्या लेथवरचा पाइप बसवला. पाइपच्या तोंडाला होज अडकून राहावा म्हणून एक गोल उंचवटा ठेवायचा असतो. मी घाईत तोंड सपाट सोडलं आणि वर नुसता क्लॅम्प आवळला. हादऱ्यानं होज हळूहळू सरकला. फट केवढी, तर नख जेमतेम जाईल एवढी.

आठेक महिन्यांनी गाडी निळा धूर टाकत आली. ऑइल कमी होत होतं, चढाला दम नव्हता. मेस्त्रींनी टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) पाइप काढला आणि आत लाल पूड. टर्बोच्या पात्यांच्या कडा कानस मारल्यासारख्या झिजलेल्या, पुढं पिस्टनच्या रिंगाही गेलेल्या. बाबा शेडमध्ये बसले होते. ते उठून आले, पाइपात बोट फिरवलं, पूड चिमटीत चोळली. "वाळूच की ही," एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. इंजिनाच्या कामाचा अर्धा खर्च आम्ही हप्त्याहप्त्यानं भरला. काकांनी पूर्ण मागितला असता तरी चूक नव्हतं.

त्यानंतर रोजच्या वापराच्या गाडीला उघडा कोन बसवणं बंद केलं. आता कंपनीच्या डब्यात बसणारा चपटा फिल्टरच घालतो, कागदाचा किंवा तेल लावलेला कापडी. घालण्यापूर्वी डबा आतून ओल्या फडक्यानं पुसायचा, रबराच्या कडेला ग्रीसचा बारीक हात द्यायचा, क्लिपा चारही बाजूंनी बसल्या का ते बघायचं. पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावतो आणि फिल्टरच्या पलीकडच्या नळीत पांढरं फडकं फिरवतो. फडकं मळलं तर पुन्हा सगळं उघडायचं. या दुसऱ्या फेरीचे पैसे घेत नाही.

कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो म्हणून लोकांना आवडतो. पण धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि तेल हातचं राखून लावावं. "जास्त लावलं की जास्त अडवेल" या हिशोबानं एकानं घरी फिल्टर तेलात जवळजवळ बुचकळला होता. ते तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसलं आणि इंजिनची लाइट पेटली. सगळ्या गाड्यांत हा सेन्सर नसतो, पण डिझेलमध्ये बहुतेक असतोच. कागदी फिल्टर पंक्चरवाल्याच्या हवेनं फुंकायचीही सवय आहे. जोराच्या हवेनं कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर मात्र स्वच्छ दिसतो. जांबोटी भागात रोज फिरणाऱ्यानं तर तो पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, निपाणीजवळ यमगर्णीत वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलं आणि गाड्या आडवाटांनी जायला लागल्या. त्यातली एक गाडी आमच्याकडे ओढून आणली. गार हवा मिळावी म्हणून कुणीतरी तिचा पाइप बंपरच्या मागं अगदी खाली उतरवला होता. गुडघाभर पाण्यात इंजिननं पाणी ओढलं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. ते काम आमचं नव्हतं. पण तसे दोन पाइप आम्हीही बसवले होते. त्या दोघांना त्याच आठवड्यात फोन करून बोलावलं आणि जुने डबे परत बसवून दिले. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा काढलेला डबा आम्ही कधीच भंगारात घालत नाही, नाव लिहून माळ्यावर ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२, वॉरंटी, पुढं गाडी विकणं, या सगळ्यासाठीही तो लागतो. वॉरंटीतली गाडी असेल तर डब्यात बसणाऱ्या फिल्टरपलीकडे आम्ही जातच नाही.

आता दारात बेळगावच्या केए २२ बरोबर कोल्हापूरच्या एमएच ०९ आणि गोव्याच्या गाड्याही लागतात. बैलहोंगलकडचे अण्णा कन्नडमध्ये बोलतात, माझं कन्नड कामापुरतं. पण ते डब्यात बोट घालून 'धूळु' म्हणाले की मला भाषांतर लागत नाही.

येताना एकच करा, जुना फिल्टर वाटेत टाकून देऊ नका. खानापूरचा लाल असतो, सौंदत्तीकडचा करडा-काळा, क्रशरच्या रस्त्यावरचा पिठासारखा पांढरा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की त्यात जळक्या पाल्याची काजळी अडकलेली सापडते. निपाणीच्या एका व्यापाऱ्याचा डबा उघडला की शेडभर तंबाखूचा वास सुटतो. फिल्टर हातात आला की गाडी कुठं फिरते ते आम्हाला निम्मं कळतं. रविवारी शेड बंद. लेथवर तेव्हा कापड असतं.