साधं का सिंथेटिक?

मिस्त्रींनी मोटरसायकलच्या इंजिनाखालचा नट सोडला आणि काळंकुट्ट तेल पत्र्याच्या डब्यात धारेनं पडायला लागलं. धार बारीक होत थेंबांवर यायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात आपण काय ते ठरवायचं असतं.

"काय टाकू सर? साधं का सिंथेटिक?"

गाडी स्प्लेंडर. इंजिनात जेमतेम लिटरभर तेल मावतं. पण त्या लिटरभरासाठी मी आदल्या रात्री साडेबारापर्यंत व्हिडिओ बघत बसलो होतो. घराचं कर्ज काढताना एवढा अभ्यास केला नव्हता.

साधं म्हणजे कच्च्या तेलातून शुद्ध करून काढलेलं खनिज तेल. त्यात लहानमोठे, वेडेवाकडे रेणू एकत्र नांदतात. सिंथेटिकचे रेणू कारखान्यात बरेचसे एका मापाचे घडवलेले. म्हणून ते तापल्यावर लवकर पातळ पडत नाही, थंडीत लवकर घट्ट होत नाही आणि खराब व्हायलाही जास्त वेळ घेतं. किंमत मात्र दुपटीच्या घरात. डब्यावर '१०डब्ल्यू-३०' असा ग्रेड लिहिलेला असतो, त्यातला डब्ल्यू विंटरचा. आमच्या सांगलीत विंटर म्हणजे आठ दिवस कानटोपी. लडाखला निघालेल्या माणसानं जरूर विचार करावा. मी विश्रामबागेतून गावभागात जातो.

गंमत अशी, की घरात आम्ही हट्टानं घाण्याचं शेंगतेल आणतो. रिफाइंड नको, कारखान्यातलं तर नकोच. आणि गाडीला मात्र सगळ्यात जास्त प्रक्रिया केलेलं ते चांगलं!

महाग ते चांगलं, या समजुतीचा फटका मी एकदा खाल्लाय. मेव्हण्याच्या कारमधलं सिंथेटिक उरलं होतं. वाया कशाला घालवा म्हणून ते स्प्लेंडरला घातलं आणि बायकोला मागं बसवून जोतिबाला निघालो. चढाला लागल्यावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी पुढं सरकेना. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, आणि क्लचचं तर सगळं पोट घर्षणावर. म्हणून मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही असल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण बघून घ्यायची. हे मला क्लचप्लेटा बदलल्यावर समजलं. बायको उरलेला चढ चालत चढली. त्या चढाचा उल्लेख आमच्या घरात अजून होतो.

"रोज किती फिरते?" मिस्त्री.

"जाऊन येऊन आठ. वर्षाला तीन हजार भरत नाही."

"मग चार किलोमीटरात इंजिन नीट तापतंय कुठं? आत पाणी सुटतंय, पेट्रोल मिसळतंय. तेल कुठलंबी असू दे, वेळेवर बदला."

म्हणजे मुद्दा तेलाच्या जातीचा नव्हताच. मागचं तेल बदलून चौदा महिने झाले होते. 'अजून तीन हजार किलोमीटर कुठं झालेत' म्हणून मी निवांत होतो.

शेजारी एक पोरगा केवढीतरी मोठी गाडी घेऊन उभा होता, हातात सिंथेटिकचा चकचकीत डबा. मी जरा हळूच म्हणालो, "साधंच टाका."

नवं तेल मधासारखं आत गेलं. मिस्त्रींनी गाडी मिनिटभर चालू ठेवली, बंद केली, थोडं थांबले. मग तेल मोजायची काडी पुसून नुसती भोकात टेकवली, आटे न फिरवता, आणि वर काढून उजेडात धरली. दोन खुणांच्या मधोमध सोनेरी रेघ.

तेवढ्यात एक म्हातारबाबा किटली घेऊन आले. "जळकं हाय का रं? गोठ्याच्या मेढींना वाळवी लागलीया." मिस्त्रींनी माझा डबा त्यांच्या किटलीत उपडा केला. ग्रेड कुठला, ते बाबांनी विचारलं नाही.